डोकी मोजली, गाव राहिलं

मंडळी, 'आपल्या गावाची माहिती' नावाचा एक तक्ता नात्यागोत्यात सतत फिरत असतो. लोकसंख्या अमुक, पुरुष अमुक, स्त्रिया अमुक, साक्षरता इतके टक्के, प्राथमिक शाळा 1, आरोग्य उपकेंद्र 1, पोस्ट आहे, एसटी थांबा आहे, नळाचं पाणी आहे. खाली कुणीतरी 'अभिमान आहे' असं लिहितं, कुणी हात जोडतं. तक्ता 2011 च्या जनगणनेतून उतरवलेला असतो, म्हणजे खोटा नसतो. माझं भांडण खोटेपणाशी नाहीच. प्रत्येक आकडा खरा असूनही त्यातून गाव दिसत नाही, आणि अशा न दिसलेल्या गावाचे दवाखाने, शाळा आणि एसट्या त्याच आकड्यांवरून ठरतात. माझं भांडण आहे ते याच्याशी.

विलायतेत कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या गावांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. खाण बंद झाली, तरणी पोरं निघून गेली, मागे म्हातारी माणसं आणि खोकला राहिला. सातारा-सांगलीत कोळसा नाही, त्यामुळे ते सगळं आपल्याला लांबचं वाटतं. पण जरा विचार करा. माण, खटाव, पाटण, जावळी, तिकडे खानापूर, आटपाडी, जत या तालुक्यांना शंभर वर्षं कुणी पोसलं? पावसाने तर नाही. आपलीही खाण होती, फक्त ती गावात नव्हती. घाट उतरून गेलं की परळ-लालबागला होती. तिथे गावकीच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-वीस माणसं होती, खानावळी होत्या आणि महिन्याच्या महिन्याला गावी येणारी मनीऑर्डर होती.

ती खाण 18 जानेवारी 1982 ला थांबली. दत्ता सामंतांच्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही आणि बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. त्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले, गिरण्यांच्या जागेवर मॉल उभे राहिले, म्हणून गिरणगावाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण गिरणगावाचा निम्मा भाग आपल्या गावांत होता, आणि त्या निम्म्या भागाचं काय झालं याचा तक्ता कुणीच केला नाही.

म्हणजे लोक जायचे थांबले असं अजिबात नाही. गिरणी गेली तर माथाडी आले. 1969 चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्याने झाला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि पाटण-जावळीची किती घरं आज नवी मुंबईत आहेत ते वेगळं सांगायला नको. विट्याच्या बाजूची माणसं तर त्याच्याही आधीपासून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. तामिळनाडू, केरळपासून पार उत्तरेपर्यंत जिथे सराफ कट्टा आहे तिथे खानापूर-आटपाडीचा एक तरी गलाईवाला असायचाच. हे सगळं आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगावंच. पण जाणाऱ्याचं कौतुक करताना राहिलेल्याची मोजणी राहून गेली.

आता तक्त्यातला एक आकडा घेऊ. 2001 साली सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 995 स्त्रिया होत्या, 2011 ला 988. त्याआधी कितीतरी मोजण्यांत तर हा आकडा हजाराच्या वर होता. यावरून 'आमचा जिल्हा किती पुढारलेला, मुलींना किती मान' असं भाषण ठोकणारे पुढारी आपण ऐकलेत. आता त्याच 2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचं प्रमाण बघा. साताऱ्यात हजार मुलग्यांमागे 878 मुली, सांगलीत 851. 2011 ला थोडी सुधारणा झाली, तरी दोन्ही जिल्हे 900 च्या आतच राहिले. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी जे पुरलेलं सापडलं ते आठवत असेल. तेव्हा 995 मागचं मोठं कारण मुलींचा मान हे नव्हतं. पुरुष मुंबईला होते. बायका जास्त नव्हत्या, नवरे कमी होते! गैरहजेरीचा आकडा आपण प्रगतीचा म्हणून मिरवला.

बरं, हे गैरहजर लोक जनगणनेत कुठे दिसतात? तर जिथे गेले तिथे. जन्म कुठला, आधी कुठे राहत होता, का आलात हे प्रश्न आलेल्या माणसाला विचारतात. गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या गावात कुणी विचारत नाही, कारण घरात नेहमी राहणाऱ्यांचीच नोंद करायची असते. मुंबई-ठाण्याला किती आले ते तक्ते काढून सांगता येतं, पण तुमच्या वाडीतून किती गेले, कोणत्या वयाचे गेले आणि मागे कोण राहिलं हे गावाच्या तक्त्यात येत नाही. कुलूपबंद घर 'रिकामं घर' म्हणून लिहिलं जातं, तेवढंच. 2020 साली घरयादीसाठी जे प्रश्न जाहीर झाले होते, त्यांत घरात मुख्य धान्य कोणतं खातात हा प्रश्न होता. भाकरी कशाची खाता हे विचारायला जागा आहे, भाकरी कोण थापतं आणि ती खायला कोण उरलंय हे विचारायला नाही.

कुणी म्हणेल, यात बिघडलं काय? आकडे आकड्यांच्या जागी. तर बिघडतं ते असं.

आरोग्य उपकेंद्राचा नियम आहे सपाटीवर 5,000 आणि डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येला एक. प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 ला एक, डोंगराळ भागात 20,000 ला एक. नियमात माणसांचं वय नाही. तीन हजार माणसांत लेकुरवाळी घरं जास्त असोत नाहीतर साठीच्या पुढची माणसं जास्त असोत, उपकेंद्र एकच आणि तिथली नर्सबाईही बहुधा एकच. ही सगळी रचना मुळात बाळंतपण आणि लसीकरण डोळ्यासमोर ठेवून झाली, आणि ते काम तिने चांगलं केलं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या गावातली बाळंतपणं आता कोपरखैरण्याला होतात आणि गावात उरलीत ती रक्तदाब, साखर, मोतीबिंदू आणि गुडघे, त्या गावाला 'उपकेंद्र 1' हे उत्तर पुरत नाही. सरकार डोकी मोजतं, गुडघे कोण मोजणार?

एसटीचं बघा. ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढच्यांना प्रवास फुकट, 65 च्या पुढच्यांना निम्मं तिकीट. मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट. फार चांगली योजना, मनापासून सांगतो. पण ज्या वाडीत दिवसातून दोनच गाड्या येतात आणि त्यातली एक कधी येते कधी नाही, तिथल्या आजींना फुकट तिकिटाचा उपयोग काय? तक्त्यात 'एसटी थांबा: आहे'. थांबा आहेच हो, सिमेंटचा आहे, कोनशिलेसकट आहे. गाडी किती वाजता येते आणि तालुक्याला डॉक्टर असेपर्यंत पोचते का, हा रकाना तक्त्यात नाही.

शाळेचं त्याच्या उलट. तिथे सरकार डोकी अगदी काटेकोर मोजतं. 2017 च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं. 2023 ला समूह शाळांचं धोरण आलं, म्हणजे कमी पटाच्या आजूबाजूच्या शाळा एकत्र करायच्या. पट कमी झाला कारण आईबाप पोटामागे गेले. शाळा गेली की जे जोडपं रानात टिकून होतं तेही मुलांसाठी तालुक्याला खोली घेतं. मग लोकसंख्या आणखी घटते, आणि पुढच्या तक्त्याला पुढची सेवा काढून घ्यायला कारण मिळतं. घट हे सेवा काढून घेण्याचं कारण होतं आणि सेवा काढून घेणं हे घटीचं! 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या 16 टक्के वाढली, सांगलीची साधारण 9 आणि साताऱ्याची साधारण 7. हे सगळं कुटुंबनियोजनामुळे झालं असं समजून कुणी पाठ थोपटून घेऊ नये.

आणि एवढं करून हे आकडेसुद्धा शिळे. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढचीचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरलाय, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राला सात कोटींच्या आसपास लाभार्थ्यांची मर्यादा ठरली, तीही 2011 च्या लोकसंख्येवर. त्या वर्षी जन्मलेलं पोर आता मिसरूड फुटायच्या वयाला आलं, आणि रेशनचा कोटा अजून त्याच्या बारशाच्या हिशोबाने चालतो.

आता विलायतेकडे परत येतो, कारण तिथून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. 1984-85 चा खाणकामगारांचा संप मोडला आणि खाणी धडाधड बंद झाल्या. 1991 च्या त्यांच्या जनगणनेत पहिल्यांदा एक साधा प्रश्न आला: रोजच्या कामात अडथळा येईल असं दीर्घकाळचं दुखणं तुम्हाला आहे का? उत्तरांचा नकाशा काढला तर जुनी खाणगावं उठून दिसली. 2001 लाही वेल्समधलं मर्थिर टिडफिल आणि डरहॅमकडचं ईझिंग्टन अगदी वरच्या नंबरांत होती. 1999 मध्ये खाणपट्ट्यांसाठी वेगळा ट्रस्टही निघाला. म्हणून तिथे सगळं आलबेल झालं असं नाही, तिथली माणसं अजून तक्रारी करतातच. पण निदान प्रश्न विचारला गेला. 'काम गेल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं' हे सरकारी कागदावर आलं. कापसाच्या धुळीत वीस-वीस वर्षं काढलेली छाती आपल्याकडच्या किती वाड्यांत अजून खोकते आहे? गावाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. त्यांच्या म्हातारपणाची सोय म्हणाल, तर भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन योजना 1995 ला आली. 1982 ला ज्याचं काम सुटलं आणि पुन्हा लागलं नाही, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

दुसरी बाजूही आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांनी कृष्णेचं पाणी वर चढलं, तासगाव-कवठेमहांकाळकडे द्राक्षबागा उभ्या आहेत, काही पोरं परत आलीत, हे सगळं खरं. गावाबाहेर गेलेल्यांनी गावासाठी केलं नाही असंही नाही. शाळेच्या खोल्या, देवळाचे सभामंडप, कमानी, कुणामुळे झाल्या ते पाट्यांवर लिहिलेलं आहे. पण पाटीवर नाव असलेला माणूस यात्रेच्या आठवड्यात येतो आणि त्या आठवड्यात गाव भरलेलं बघून जातो. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचं गाव त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून त्याला तक्ता पटतो.

मग करायचं काय? सरकारने जाणाऱ्यांची मोजणी करावी आणि उपकेंद्राच्या नियमात वयाला वजन द्यावं, ही मागणी आहेच, आणि ती आपापल्या आमदाराकडे, जिल्हा परिषदेकडे लेखी करायला हवी. पण तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. आशाताईंकडे घरोघरची माहिती असते, अंगणवाडीकडे मुलांची असते, ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंद असते. ग्रामसभेने ठराव करून पाच रकाने वाढवावेत: पाच वर्षांहून जास्त कुलूप असलेली घरं किती, एकटी राहणारी सत्तरीपुढची माणसं किती, रोज गोळ्या घेणारे किती, दिवसात प्रत्यक्ष आलेल्या एसट्या किती, आणि रात्री दोनला छातीत दुखलं तर डॉक्टर किती किलोमीटरवर. कागदाचा खर्च वीस रुपये येईल.

आणि मुंबई-पुण्यातल्या आपल्या ग्रामस्थ मंडळांना, म्हणजे तुमच्यापैकीच बऱ्याच जणांना, हात जोडून विनंती: यंदा कमानीची वर्गणी काढण्याआधी हे पाच आकडे गावाकडून मागवा. आकडे आले की वर्गणी कशाला लागते ते आपोआप कळेल.