भात दाण्यावर आलं की बंदूक ठाण्यात का?



विधानसभेच्या मागच्या तीन मतदानाच्या तारखा बघा. १५ ऑक्टोबर २०१४. २१ ऑक्टोबर २०१९. २० नोव्हेंबर २०२४. आता आपलं भात आठवा. हळवं दसऱ्याच्या आसपास, निमगरवं दिवाळीला, गरवं नोव्हेंबरात. आचारसंहिता मतदानाच्या महिनाभर आधीच लागते. म्हणजे दाणा भरतो, रानडुक्कर उतरतं, आणि नेमकी तेव्हाच शेतसंरक्षणाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा. २०२४ ला तर लोकसभेसाठी १६ मार्च ते ६ जून आचारसंहिता होतीच. एका वर्षात दोनदा!

माझं घर कुंभवलीत, पण थोडी जमीन मनोरकडे मेहुण्याच्या शेजारी आहे. डुकराचा त्रास तिकडे. वडिलांपासूनची एकनळी बाराबोअर आहे, परवाना पीकसंरक्षणाचा.

काही जण म्हणतात, शिकार बंद झाली, मग एवढ्या मोठ्या नळीची बंदूक हवी कशाला? त्यांच्यासाठी सांगतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी, तेवढी बाराबोअरची नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. तिचा पहिला उपयोग आवाजाचा. रात्री माळ्यावरून मोकळ्या बाजूला एक बार काढला की कळप बांध ओलांडतो. डबा आणि फटाका डुकराला चार दिवसांत सवयीचा होतो. दुसरा उपयोग, वनखात्याने परवानगी दिली तर उपद्रवी जनावर मारणं. छर्रा तीस-चाळीस मीटरपर्यंतच कामाचा, रायफलच्या गोळीसारखा मैलभर जात नाही. तरी मागे मातीचा बांध असेल आणि नळी खाली असेल तरच चाप ओढायचा. जखमी डुक्कर सोडायचं नाही, अंधारात त्याच्या मागेही जायचं नाही.

बंदूक सगळीकडे चालते असं मी म्हणत नाही. कुंभवलीत एका अंगाला तारापूर एमआयडीसी, चाळी, रात्रपाळीची माणसं. इथे मी बार काढणार नाही, कुणी काढूही नये. पण म्हणून जंगलपट्टीतल्या विक्रमगड, जव्हारच्या शेतकऱ्याला तोच नियम का?

आता कायदा. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी, असं त्यात लिहिलेलं आहे. मारायची परवानगी वेगळी, ती वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम ११ खाली. तिथे उभं पीकसुद्धा मालमत्ता धरलंय. म्हणजे कायद्याला आपली अडचण कळली आहे. निवडणुकीतही सरसकट जमा करा असा नियम नाही. जिल्ह्यात छाननी समिती असते, तिने एकेक परवाना तपासून ठरवायचं असतं. मुंबई उच्च न्यायालयात २००९ साली झालेल्या याचिकेनंतर निवडणूक आयोगाच्या सूचनाही तशाच आहेत. ज्याच्यावर गुन्हा आहे, जो जामिनावर आहे, दंगलीत होता, त्याची जरूर घ्या. पण ज्याच्या नावावर साधी तक्रार नाही, त्यालाही एकच छापील नोटीस येते. याला छाननी म्हणायचं?

आणि बंदूक गेली की लोक काय करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कुंपणाला वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर कळत नाही, बैल कळत नाही, पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी कळत नाही. बंदुकीचा परवाना, नंबर, काडतुसांचा हिशेब सरकारकडे असतो. तारेचा कुणाकडे आहे?

म्हणून मागणी एवढीच. पीकसंरक्षणाचे परवाने छाननीत वेगळे काढा. जमा करायचीच असेल तर कारण लेखी द्या, आणि निकालानंतर बंदूक लगेच परत करा, शेतकऱ्याला हेलपाटे नकोत.

आपणही नोटिशीची वाट बघत बसू नये. आचारसंहितेच्या आधीच अर्ज द्या. सोबत परवान्याची प्रत, सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, जुन्या नुकसानीचा पंचनामा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. एकट्याने नको, गावातले सगळे परवानेदार मिळून द्या.

तुमच्या तालुक्यात गेल्या वेळी बंदूक कधी घेतली, कधी परत मिळाली, तारखेसकट लिहा. पुढच्या निवडणुकीआधी ही यादी घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांना भेटू.