खिशातील गानसंग्रह आणि त्याचे मालक

२००१ साली अ‍ॅपल कंपनीने १.८ इंची हार्ड डिस्कवर हजारभर गाणी साठविणारा आयपॉड बाजारात आणला, तेव्हा शाहू महाराजांच्या आश्रयाने जेथे अल्लादियाखाँसाहेबांची गायकी रुजली त्या कोल्हापुरातील श्रोत्यास गाण्यांच्या संख्येपेक्षा अखंडतेचेच अप्रूप वाटावे, हे स्वाभाविक होते. कारण खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा रागविस्तार ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटांत आवरावा लागे. आयपॉडमधील हार्ड डिस्कची चकती पुढील गाणी स्मृतीत आगाऊ भरून विसावत असे. मात्र तासाभराचा ख्याल त्या स्मृतीत मावेना, म्हणून चकती वारंवार फिरे आणि बॅटरी लवकर उतरे. (अभिजात संगीताच्या रसिकावर हा जणू स्वतंत्र कर!) फिरत्या चकतीस धक्का बसला की सारा संग्रह नष्ट होण्याचे भय असे, आणि दुसरी प्रत न राखणाऱ्या मालकाची फिर्याद दाखल करून घेणारी कचेरी कोठेच नव्हती. तथापि वर्गणी थांबताच हातचे निघून जाणाऱ्या आजच्या संगीतापेक्षा, ज्यावर आपली मालकी व वहिवाट निर्वेध आहे असे ते जड यंत्रच मला अधिक इमानी वाटते. १६० गिगाबाइटांचा आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला. परंतु त्यातील हार्ड डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसविणारे शौकीन आजही आहेत.