पाचट पेटवायचे आणि बकरी उपाशी ठेवायची?



पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा झाली, दिवाळी सरली, की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. कारखान्यांचा गळीत हंगाम लागतो आणि माळावरची बकरी उसाच्या पट्ट्यात उतरतात. (पुण्या-मुंबईचा माणूस ज्यांना मेंढ्या म्हणतो, त्यांना आपण बकरीच म्हणतो.) त्यानंतर जे घडते ते आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. बांधाच्या आत तुटलेल्या फडाचे पाचट वाड्यासकट पेटलेले असते, आणि बांधाबाहेर तीनशे बकरी घेऊन धनगर उभा असतो. "अण्णा, एक रात्र बसवू द्या की," तो म्हणतो. "खोडवा धरायचाय, पुढं जावा," असे उत्तर मिळते. पुढच्या गावातही तेच. मग रात्री कुणाच्या तरी हरभऱ्यात बकरी शिरतात, काठ्या निघतात, आणि सकाळी दोन कष्टकरी पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेले दिसतात.

हिवाळ्यात बकऱ्यांना चारा नाही, असे सांगितले जाते. आम्ही म्हणतो, चारा आहे. त्याला आपण काडी लावतो.

हिशोब करा. ३० किलोच्या मेंढीला दिवसाला, पाणी वजा जाता, साधारण १ किलो कोरडा चारा लागतो. तीनशेच्या कळपाला ३ क्विंटल. हिरव्या वाड्यात ३० टक्के कोरडा भाग धरला, तर रोज १० क्विंटल वाडे. एकरी ४० टन उसामागे हात राखून ४ टन वाडे धरू. त्यातले निम्मे तोडणीवाल्यांच्या बैलांना आणि आपल्या म्हशींना गेले, तरी उरलेल्यात तीनशे बकरी दोन दिवस जगतात. एका एकरात!

आणि धनगर फुकट काही मागत नाही. एक बकरे रात्रीत अर्धा किलो ओली लेंडी टाकते असे धरले, तरी तीनशे बकऱ्यांची दीड क्विंटल होते, मूत वेगळेच. लेंडीखतात नत्र ३, स्फुरद १ आणि पालाश २ टक्क्यांच्या आसपास असते. साध्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. हे खत भरायला मजूर नको, वाहायला ट्रॉली नको. आपल्या आजोबांना हे माहीत होते. बकरी बसवायला ते धनगराला बोलावणे धाडायचे, वर धान्य द्यायचे. आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा युरियाच्या पोत्याचे गणित पाठ केले, लेंडीचे पुस्तकाबाहेर ठेवले. ती चूक आमचीही आहे, म्हणून आज बोलतो आहोत.

आता कामाचे बोलू. मोठा कळप उघड्या रानात हिवाळाभर कसा पोसायचा?

पहिले, नुसत्या वाड्यावर भागत नाही. वाड्यात प्रथिने कमी, आणि त्यातले ऑक्झलेट अंगातले कॅल्शियम अडवते. म्हणून सोबत भुईमुगाचा पाला, सोयाबीन, हरभरा किंवा तुरीचा भुसा हवा. मीठ आणि दर मेंढीमागे रोज १० ग्रॅमपर्यंत खनिज मिश्रण हवे. नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. मळणीच्या जागी सांडलेल्या धान्यावर भुकेली बकरी सोडू नका. पोट फुगून मरतात. आंत्रविषाराची लस हंगामाआधीच टोचून घ्या.

दुसरे, गाभण आणि व्यालेल्या मेंढ्या वेगळ्या काढा. गाभणीचा शेवटचा दीड महिना आणि कोकरू पीत असताना २०० ते २५० ग्रॅम पेंड-भरडा द्या. तो ढिगाने टाकला तर दांडगी बकरी खातात, दुबळी मागे राहतात. लांब रांगेत, प्रत्येकीला फूट-सव्वा फूट जागा मिळेल असा मांडा. वाडे जमिनीवर फेकू नका, पेंढ्या बांधून टांगा. तुडवलेला चारा बकरी खात नाहीत.

तिसरे, वाघर रोज पुढे सरकवा. न्यूझीलंडमध्ये हिवाळ्यात टर्निपच्या रानात कुंपण रोज थोडे पुढे घेऊन हजारो मेंढ्या चारतात आणि त्याला आधुनिक पद्धत म्हणतात. आपला धनगर जाळ्याची वाघर खांद्यावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या दुसरे काय करतो?

चौथे, धोके ओळखा. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असते. किराळ लागून तासाभरात बकरी आडवी होतात. दव उतरल्याशिवाय कळप सोडू नका. औषध फवारलेल्या रानाची माहिती मालकाने आधी सांगितलीच पाहिजे.

पाचवे, डोंगरभागासाठी. शाहूवाडी, भुदरगड, आजऱ्याकडचे गवत वाळून काडी झाल्यावर कापले तर त्यात सत्त्व राहत नाही. फुलोऱ्यात कापा, वाळवा, गंजी घाला. महिनाभर एका जागी तळ असेल, तर १०० किलो भाताच्या पेंढ्यावर ५० लिटर पाण्यात ४ किलो युरिया विरघळवून शिंपडा, २१ दिवस कागदाखाली हवाबंद ठेवा आणि वारा देऊन घाला. कोकरांना तो देऊ नका. युरियाचे पाणी बकऱ्यांच्या तोंडी लागू देऊ नका, ते विष आहे.

आता ऊसवाल्याची तक्रार. बकरी खोडव्याचे कोंब खातात, हे खरे आहे. पण कोंब तोडणीनंतर काही दिवसांनी वर येतात. तोडणी झाल्याबरोबर दोन रात्री बकरी बसवा आणि कळप पुढे काढा. जिथे खोडवा धरायचा नाही, तिथे जास्त दिवस ठेवा. रान ओले असेल तर मात्र बसवू नका, जमीन घट्ट होते. पाचट कुजायला नत्र लागते म्हणून आपण त्यावर युरिया फेकतो. लेंडी आणि मूत तेच काम करतात. एकरी ३-४ टन पाचट जाळून पुन्हा सेंद्रिय खताच्या पोत्यासाठी दुकानदाराच्या दारात उभे राहायचे, याला शेती म्हणायचे की खुळेपणा? आता तोडणी यंत्रे वाढत आहेत. ती वाडे चिरून पाचटात मिसळतात. आज बोललो नाही, तर उद्या बोलायलाही वाडे उरणार नाहीत.

सरकारचे काय? २०१७ साली महामेष योजना आली: २० मेंढ्या, १ मेंढा, ७५ टक्के अनुदान. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी चराई अनुदानही जाहीर झाले. त्याला आमचा विरोध नाही. पण उरलेले आठ महिने बकरी काय हवेवर जगतात? २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला. तरी जंगलाच्या कडेला धनगराला आजही चोरासारखे उभे राहावे लागते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले. जगाने गौरव करायचा आणि गावाने कुत्री अंगावर सोडायची, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार ठराव ठेवतो. एक, हंगाम लागण्याआधी गावोगाव शेतकरी आणि धनगर यांची बैठक घेऊन बकरी बसवण्याचा दर, रात्री आणि रांग लेखी ठरवावी. दोन, आपला सभासद तोडलेल्या रानात काडी लावणार नाही. तीन, नुकसान झाले तर दोन्हीकडचे पंच भरपाई ठरवतील. काठी उचलणार नाही, ठाण्यात जाणार नाही. चार, गायरानाची एक काडीही गावसभेला विचारल्याशिवाय दुसऱ्या कामाला जाणार नाही.

ऊसवाला आणि बकरीवाला भांडत राहिले की दोघेही दुबळे होतात, आणि दुबळ्याच्या मालाचा भाव दुसराच ठरवतो. यंदा फड तुटला की काडीपेटी खिशात ठेवा आणि धनगराला हाक मारा.