नाशिकचं द्राक्ष शेतमाल, आमचा मोह मात्र मुद्देमाल!

"आपल्याकडे वाइनचे मळे का नाहीत?" असं अधूनमधून कुणीतरी विचारतं. उत्तर हवेत आणि मातीत आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच. हिवाळ्यात दिवसा ऊन, रात्री चांगला गारठा. त्यामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाइनची चव त्यावरच उभी असते. जमीन पाण्याचा निचरा होणारी. फ्रान्समधल्या शॅम्पेनची थंडी आणि चुनखडीची माती जगभर विकली जाते, तशी नाशिकची हवा 'नाशिक व्हॅली वाइन' या भौगोलिक मानांकनातून विकली जाते. चांगलंच आहे.

आता आपलं बघा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर. पावसाळ्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीच्या बांध्यांत पाणी साचतं म्हणून धान होतो. द्राक्षाची मुळं तिथं सडतील. पण जिथं धानही होत नाही, त्या बरड जमिनीवर मोह उभा आहे. ना खत, ना फवारणी. मार्च-एप्रिलात भल्या पहाटे बाया टोपल्या घेऊन फुलं वेचतात. आपल्या हवामानाचं पीक हेच.

सरकारचा न्याय मात्र बघा. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली. कारण काय, तर द्राक्ष शेतकऱ्याचं भलं! निर्णय पुढे वादात अडकला, पण कळवळा दिसला. मोह वेचणारीसाठी असा कळवळा कधी दिसला? मोहाचं नाव बातमीत येतं ते सडवा नष्ट केल्याच्या फोटोसोबत.

गैरसमज नको. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि त्यामागं बायांचा लढा आहे. चंद्रपूरची २०१५ ला आली, २०२१ ला उठली. भट्ट्या सुरू करा असं मी म्हणत नाही. पण मोह म्हणजे फक्त दारू, हे कुणी ठरवलं? लाडू, सरबत, जॅम, सगळं होतं त्याचं. साठवायला जागा नाही म्हणून एप्रिलात फुलं पडेल त्या भावात जातात आणि नफा व्यापाऱ्याच्या गोदामात पिकतो.

२०११ ला मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला. गाव आपला माल स्वतः विकू शकतं, हे तिनं दाखवलं. मग मोहासाठी ग्रामसभांना गोदाम, वाळवण्याची सोय आणि प्रक्रिया केंद्र द्यायला काय अडचण आहे?

नाशिकच्या मातीला किंमत आहे, तर आमची माती काय फुकटची आहे?

आपल्या आमदार-खासदारांना हे विचारा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली भांडा.