जीपला जादा दिवे जोडताना

कच्च्या रस्त्याने, शेतातून रात्री चालणाऱ्या जीपला जादा दिवे लावून द्या, असे गिऱ्हाईक म्हणते. गॅरेजात नव्याने काम शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे ९ अँपिअर करंट ओढला जातो. तो लहानशा स्विचमधून नेला तर स्विच तापतो, वायर वितळते, गाडी पेटूही शकते. म्हणून मध्ये रिले हवाच.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या वायरला बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज बसवा. तेथून रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना. या वायरी अडीच चौरस मिलिमीटरच्या घ्या. स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थला. अर्थ देताना रंग खरवडून बोल्ट घट्ट आवळा. पत्र्याच्या भोकात रबर घाला, नाहीतर वायर कापली जाते.

फ्यूज उडाला तर त्याजागी तार गुंडाळू नका, दोष शोधा. फ्यूज जळतो म्हणून गाडी वाचते. आणि गिऱ्हाइकाला सांगा, हमरस्त्यावर हे दिवे बंद ठेवा. समोरून येणाऱ्याचीही घरी कोणी वाट पाहत असते.