खोली राखणारे आणि विरारला जाणारे

२००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच काळात तत्कालीन अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. (२०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून याच आकड्यांचा आधार घ्यावा लागतो.) या स्थलांतराचे कारण जागेचे भाव, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. भाव सर्वांना सारखेच; मग एकाच घरातले वृद्ध आईवडील परळला आणि मुलगा-सून नालासोपाऱ्याला, असे का होते? माणसाचा पत्ता त्याच्या मिळकतीइतकाच त्याच्या कुटुंबाच्या स्वरूपावरही ठरतो.

एके काळी मुंबई ही एकट्या पुरुषांची नगरी होती. गिरणी कामगाराची बायकामुले कोकणात वा घाटावर असत. तो इतरांसह एका खोलीत पाळीपाळीने झोपे, खानावळीत जेवे आणि गावी मनीऑर्डर धाडी. धोबीतलाव, माझगाव भागांत गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. बोटीवर काम करणारे गोवेकर दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे उतरत. पेटी ठेवण्यापुरती जागा आणि सायंकाळी वेदीपुढे रोझरी, असा तो संसाराविना संसार! स्त्रियांना तेथे वास्तव्य नव्हते. कामाजवळ राहणे या पुरुषांना परवडे, कारण त्यांना घर नव्हे, पथारी हवी होती.

पुढे कुटुंबे आली, खोली मात्र तीच राहिली. बीडीडी चाळीतील खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. थोरल्याचे लग्न पोटमाळ्यावर निभते. धाकट्याच्या वेळी कोणालातरी बाहेर पडावेच लागते. आईवडील सहसा हलत नाहीत. खासगी चाळींत याला कायद्याचेही कारण आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूच्या पश्चात हक्क मिळाला तो त्याच्यासोबत राहणाऱ्या नातलगाला. १९९९च्या कायद्यानेही ही तरतूद राखली. तेव्हा खोली राखायला कोणीतरी तेथे राहणे भाग पडते.

परिणाम आपल्या वसई परिसरात दिसतो. २०११ साली वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. येथील नव्या वस्त्यांतील वन रूम किचनमध्ये तरुण जोडपी तान्ह्या मुलांसह राहतात. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर. ज्या घराला आजीची सर्वाधिक गरज, तेच घर आजीपासून सर्वांत दूर! आजी तिकडे खोली राखते आहे, मूल इकडे पाळणाघरात.

एकट्या स्त्रीची गणना तर या मांडणीत कोठेच नाही. नोकरदार अविवाहिता, परित्यक्ता वा विधवा घर पाहायला गेली की दलालाचा पहिला प्रश्न, “फॅमिली आहे का?” ऐपत असूनही तिला नकार मिळतो, हा निव्वळ अन्याय आहे.

घरबांधणीची शासकीय धोरणे प्रामुख्याने उत्पन्नगट पाहतात. घरात किती पिढ्या आहेत, हे फारसे कोणी विचारत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतील पात्र रहिवाशांना ऑगस्ट २०२५पासून ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळू लागल्या. १६०च्या जागी ५००! आता विरारचा मुलगा परत येईल, की त्याच्या वाट्याचे म्हणून ते घर विकले जाऊन आईवडीलच विरारची गाडी धरतील, हे पुढील काही वर्षांत दिसेल.