ब्रेक काढावा, पण कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत आजीला घेऊन आम्ही काशीला गेलो होतो. दुपारी दशाश्वमेध घाटावरची गर्दी जरा ओसरली होती. आजी बांबूच्या छत्रीखाली बसलेल्या पुरोहितांशी बोलत होती आणि मी पायऱ्यांवर बसलो होतो. खाली फरशीच्या सपाट तुकड्यावर माझ्याच वयाचा एक मुलगा वीस इंची चाकांची बीएमएक्स सायकल खेळवत होता. मागचं चाक हवेत, एक पाय पुढच्या चाकाच्या आसाला लावलेल्या पेगवर, दुसऱ्या बुटाचा तळवा टायरवर. सायकल त्याच्याभोवती गोल गोल फिरत होती. हँडलला ब्रेकच नव्हता!

या खेळाला फ्लॅटलँड म्हणतात. उतार नाही, रॅम्प नाही, फक्त सपाट जमीन. 1980 च्या दशकात सुरुवातीला यातल्या बहुतेक करामती ब्रेकवरच चालत. ब्रेक दाबून चाक जखडायचं आणि त्यावर तोल सांभाळायचा. हँडल गरगर फिरवताना केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून रोटर नावाचा खास भागही निघाला. पुढे अमेरिकेतल्या केव्हिन जोन्ससारख्या खेळाडूंनी चाक थांबवण्याऐवजी ते फिरतं ठेवून करामती केल्या, आणि 1990 च्या दशकात अनेकांनी ब्रेक काढूनच टाकले. मग वेग आवरायचा कशाने? टायरवर घासणाऱ्या बुटाने आणि अंगाचा भार मागेपुढे करून.

आमच्या हाऊसमध्ये काहींचं मत आहे की ब्रेकवाले कच्चे आणि बिनब्रेकवाले पक्के. मला ते पटत नाही. ब्रेकवाला एका जागी असा गोठून उभा राहू शकतो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पण खरं सांगायचं तर मला बिनब्रेकचा खेळ जास्त आवडतो. परेडमध्ये ‘थम’ ऐकल्यावर पथक आहे तिथे गोठत नाही, पाऊल पूर्ण करून दुसरा पाय जुळवतं. ते थांबणं पायात मुरलेलं असतं, तसंच काहीसं हे.

शाळेत परतल्यावर मी चुलतभावाच्या जुन्या बीएमएक्सचे दोन्ही ब्रेक सोडवले. पहिले चार दिवस बास्केटबॉल कोर्टवर पडण्यातच गेले. पाचव्या दिवशी मेसमागच्या उतारावरून निघालो. समोरून आठवीचा एक कॅडेट पाण्याची बाटली घेऊन येत होता. मी टायरवर पाय ठेवला, पण उतारावर तो वेग काही बुटाला आवरेना. त्याचं मनगट मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही, आणि हेच जास्त लागलं. त्याच्या आईला फोनवर काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

मला घाटावरची अर्धीच गोष्ट आठवत होती. उरलेली नंतर आठवली. खेळ संपल्यावर तो मुलगा सायकलवर बसला नव्हता. पायऱ्यांवरून ती त्याने खांद्यावर नेली आणि वर गोदौलियाच्या रस्त्यावर, माणसं, गाई, रिक्षा यांच्यातून हाताने ढकलत नेली.

आता शाळेत बिनब्रेक सायकलीवर पूर्ण बंदी आहे. रस्त्यासाठी ती बरोबरच आहे. तिथे माझी बाजू घेणाऱ्या मित्रांनी कृपया गप्प बसावं. पण कोर्टावरची बंदी मला चुकीची वाटते. घोडेस्वारी शिकताना आपण पडतो, ऑब्स्टॅकल कोर्सवरही पडतो. सर बाजूला उभे असतात, एवढंच. रविवारी अर्धा तास, हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घालून, कोर्टाचं फाटक लावून, सरांच्या देखरेखीखाली हा खेळ व्हावा. आधी ब्रेकसह शिकावं. ज्याला मूठ न दाबता वेग आवरता येतो असं सरांना दिसेल, त्यानेच ब्रेक काढावा. सायकल कोर्टापर्यंत ढकलत न्यावी.

तसा अर्ज मी हाऊस मास्तरांना दिला आहे. माझ्या सायकलला दोन्ही ब्रेक परत बसवले आहेत. त्या ज्युनिअरचं प्लास्टर गेल्या सोमवारी निघालं. परवानगी मिळालीच, तर फाटकाशी शिट्टी घेऊन उभा राहीन म्हणतोय.